भात, पाऊस आणि आकाशकंदील: राजगडच्या खोऱ्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण राजगड आणि तोरणा यांच्यामधल्या खोऱ्यातलं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. तालुक्यात चार घरं ओळखणाऱ्याला तरीही अंदाज येईल, त्याला इलाज नाही.

मुख्य व्यक्ती चौतिशीतली एक बाई. पुण्यात वाढलेली, चित्रकलेचं शिक्षण झालेली, काही वर्षं जाहिरात संस्थेत नोकरी केलेली. गावात तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. दुसरे मामा. वय त्रेसष्ट, बांबू विणण्याचं बुरूडकाम पिढीजात. तिसरा मी, सहकारी बँकेच्या कर्जखात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेला. ताईचे वडील माझे शेजारी. जानेवारी 2023 मध्ये एका रविवारी त्यांनी ‘जरा पोरीच्या वह्या बघ’ म्हणून मला गाडीत घातलं, तेव्हापासून या प्रकरणाशी माझा संबंध.

पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून आत मार्गासनीच्या बाजूला वळलं की सप्टेंबरात गाडी थांबवावीशी वाटते. खाचरांत पोटरीला आलेलं इंद्रायणी भात, वर ढगात डोकं घातलेला तोरणा, ओढ्याला पाणी. हेच खोरं मार्चमध्ये बघावं. खाचरं भेगाळलेली, घरं कुलूपबंद, पारावर म्हातारी माणसं. पावसावर एक भाताचं पीक येतं आणि पुढचे सात महिने बिनकामाचे. पोरं शिरवळच्या कंपन्यांत, पुण्यात हॉटेलांत, नाहीतर रिक्षावर. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात सर्वांत कमी वस्तीचा तालुका हाच होता, तेव्हाचा वेल्हे, आताचा राजगड. जुलै 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या यादीत गेला, शनिवार-रविवारची गर्दी वाढली. पण गर्दी पाण्याच्या बाटल्या पुण्यातूनच घेऊन येते. गावाला मिळतं ते पार्किंग आणि पिठलं-भाकरीचं.

बांधावर बांबू मात्र भरपूर. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेताना परवान्याची कटकट उरली नाही. पुढच्याच वर्षी, मार्च 2018 मध्ये, राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि पुण्यात गणपतीच्या मखरांसाठी, दिवाळीच्या कंदिलांसाठी लोक बांबू-कागद शोधू लागले. ताई 2019 मध्ये गावात आली ती हे दोन धागे हातात धरून. जुनं कौलारू घर तीन हजार रुपये भाड्याने घेतलं. मामा तेव्हा सुपं, टोपल्या, कोंबड्यांची डालगी विणत. प्लॅस्टिकच्या घमेल्यांनी त्यांचा बाजार आधीच खाल्ला होता आणि लावणीला पावसात अंगावर घ्यायचं इरलं घेणारंही कुणी उरलं नव्हतं, सगळीकडे प्लॅस्टिकचे कागद.

पहिली दोन वर्षं, त्यात करोनाचं एक, ओळखीपाळखीत दिवे आणि ट्रे विकण्यात गेली. 2021 च्या दिवाळीला 140 आकाशकंदील केले, सगळे संपले. ते संपले नसते तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

अडचण

ऑगस्ट 2022. पुण्याच्या एका आयटी कंपनीकडून विचारणा आली: कर्मचाऱ्यांना भेट म्हणून 600 कंदील, 420 रुपयांना एक, 12 ऑक्टोबरपर्यंत पोचते करायचे. एकूण 2 लाख 52 हजार. आगाऊ रक्कम नाही, पैसे माल मिळाल्यावर.

हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो अर्ध्या तासात उरकला गेला. ताईने हिशेब केला तो असा: एक बाई दिवसाला तीन कंदील बांधते, सहा बायका आहेत, म्हणजे तेहतीस दिवस. हातात पंचेचाळीस दिवस. होकार कळवला.

कागदावर तेहतीस दिवस बसत होते, पण पंचांगात बसत नव्हते. त्या वर्षी गणपती 31 ऑगस्टला बसले. गौरी-गणपतीत खोऱ्यातली कुठली बाई घराबाहेर कामाला येणार? मग पितृपंधरवडा, त्यात कुणाकडे ना कुणाकडे रोज पान. 26 सप्टेंबरला घट बसले. दसरा झाला की हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापणीला. मी नंतर वहीतली हजेरी मोजली. सहाही बायका एकाच वेळी कामावर होत्या असे दिवस सोळा.

दुसरी गोष्ट बांबूची. वाळलेला, मुरलेला बांबू होता साधारण 250 कंदिलांपुरता. बाकीचा तोडायचा तर भर भाद्रपदात. पावसाळ्यात बांबूला नवे कोंब फुटत असतात, पेरात पाणी आणि साखर भरलेली असते. असा बांबू वाळायला वेळ घेतो, बुरशी धरतो आणि नंतर भुंगा त्याचा भुगा करतो. मामा एवढंच म्हणाले, “ताई, भादव्यातला बांबू घरात पाणी घेऊन येतो.” ताईने ऐकलं, पण होकार गेलेला होता. मामांनीही पुढे काही न बोलता कोयता उचलला. त्यांना मी एकदा विचारलं, तुम्ही अडवलं का नाही? म्हणाले, “अडवणारा मी कोण? रोजावर होतो.” हे वाक्य माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. त्याकडे पुढे येतोच.

सप्टेंबरच्या शेवटी बांधून ठेवलेल्या सांगाड्यांवर काळे ठिपके दिसू लागले. आधी एका कोपऱ्यात, मग सगळ्या चळतीवर. ताई सांगते, सकाळी दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. कामट्या पुसल्या, हळद लावून बघितली, हॅलोजनचे दिवे लावून वाळवायला गेली तर वीज गेली. कागद हवेतलं पाणी पिऊन ढिला पडला. कंदिलाच्या बाजू गालासारख्या आत गेल्या.

मग शेवटची धावपळ. सिंहगड रस्त्याला एक रिकामा हॉल नऊ हजारांनी घेतला, पंखे लावले, माल तिकडे हलवला. त्या वर्षी ऑक्टोबरनेही दया केली नाही. 17 तारखेच्या रात्री पुण्यात रस्त्यांचे ओढे झाले ते अनेकांना आठवत असेल. टेम्पो 18 ला पोचला. सहा दिवस उशीर, लक्ष्मीपूजन सहा दिवसांवर. 600 पैकी 410 कंदील गेले, त्यातले 58 बुरशीमुळे परत आले. बिल झालं 352 नगांचं, 1 लाख 47 हजार 840 रुपये. ते मिळाले मार्चमध्ये, तेही खरेदी विभागाला असंख्य फोन करून.

वही काय सांगत होती

ताईची वही स्वच्छ होती, त्याबद्दल तिला पूर्ण गुण. खर्च रोजच्या रोज लिहिलेला. लिहिलेला नव्हता तो तिचा स्वतःचा वेळ. एका कंदिलाचा खर्च मी मांडला तो असा: बांबू 18 रुपये, कागद 64, दोरा-डिंक-होल्डर 22, बायकांची मजुरी 110, मामांचे 60, खोके 20, वाहतूक 14. बेरीज 308. विक्री 420, म्हणजे हातात 112. ऐकायला बरं वाटतं. पण 410 नग केले आणि 352 चंच बिल झालं. हॉलचं भाडं गेलं, अर्धवट राहिलेल्या आणि टाकून दिलेल्या सांगाड्यांचे अकरा हजार गेले. शेवटी उरले 1,560 रुपये, दोन महिने रात्री एक-एकपर्यंत जागून.

ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, “काका, यात माझं एसटीचं भाडं धरलंय का?” धरलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी आणि पुढच्या दोन-तीन खेपांत चार वाटा निघाल्या.

एक, गाशा गुंडाळून पुण्यात यायचं. कोथरूडला एखादा गाळा घ्यायचा, कामट्या गावातून मागवायच्या, बांधणी इथे करायची. कोरडी जागा, वीज, गिऱ्हाईक दाराशी. तिच्या वडिलांचा कल इकडे होता आणि निव्वळ आकड्यांनी बघितलं तर तो चुकीचा नव्हता. पण गाळ्याचं भाडं गावातल्या घराच्या सात-आठपट, आणि मामा पुण्यात येणार नाहीत हे उघड होतं. ताईच्या हाताला आकार सुचतो, पण बांबू फाडताना तो कुठे तडकेल हे मामांच्या अंगठ्याला कळतं. एकाच जाडीची बेळं, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, काढणं ही विकत घेऊन मिळणारी गोष्ट नाही.

दोन, पर्यटकांवर चालायचं. राजगड-तोरण्याला येणाऱ्यांसाठी राहण्याची सोय, सोबत बांबू विणायची दोन तासांची शिकवणी. या वाटेवर आज खोऱ्यात बरेच जण आहेत. ताईने दोन शनिवार करून बघितलं. लोकांनी फोटो काढले, मामांना “जरा इकडे बघा” म्हणून सांगितलं, एकाने सुरी उलटी धरून बोट कापून घेतलं. मामा तिसऱ्या शनिवारी आलेच नाहीत.

तीन, कर्ज घेऊन मोठं करायचं. पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेत ग्रामीण भागातल्या महिला उद्योजकाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. शेड, बांबू फाडायचं यंत्र, वाळवणीची खोली. मी बँकेतला माणूस, माझा ओढा इकडे. प्रकल्प अहवालाचा कच्चा मसुदाही मी करून ठेवला होता. त्यात विक्री दर महिन्याला सारखी दाखवली होती, कारण तक्त्यात तशीच दाखवायची सवय. ताईने विचारलं, “जुलैत कोण घेणार हो कंदील?” आणि तक्ता तिथेच पडला. हप्ता बारा महिने येतो, कंदिलाचे पैसे दीड महिन्यात येतात. शिवाय पत्र्याच्या शेडला पावसाळ्यात आतून घाम फुटतो. ज्या ओलीतून सुटायचं तीच डोक्यावर टांगली असती.

चार, कामाचे महिने बदलायचे. भात कापून-झोडून झालं की बांबू तोडायचा, पौष-माघात. फेब्रुवारी ते मे बांधणी. त्या महिन्यांत बायकांच्या हाताला काम नसतं, हवा कोरडी असते, वीजही टिकते. आषाढापासून कामाला कुलूप, लावणीला सगळ्या मोकळ्या. गणपतीनंतर फक्त विक्री. पाटीवर मांडायला हे फार सोपं. अडचणी दोनच होत्या: मे ते ऑक्टोबर माल कोरडा ठेवायचा कुठे, आणि पाच-सहा महिने अडकून पडणारा पैसा आणायचा कुठून.

काय केलं

चौथी वाट घेतली. पहिल्या अडचणीचं उत्तर ताई राहत होती त्याच घरात, तिच्या डोक्यावर होतं.

मामा एकदा चुलीवरच्या माळ्यावर काहीतरी शोधायला चढले आणि एक टोपली घेऊन उतरले. काळपट तांबडी, तुपाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत. त्यांच्या वडिलांनी या घरासाठी विणलेली. चाळीस-एक वर्षांची असेल. भुंग्याचं एक छिद्र नाही. जुन्या घरात चूल रोज पेटायची, धूर माळ्यावर घुमायचा, तिथे ठेवलेल्या बांबूला ना ओल लागे ना कीड. गॅस आला, धूर गेला. ‘हल्लीचा बांबू टिकत नाही’ अशी तक्रार गावात कायम ऐकू येते. मला वाटतं बांबू तोच आहे, त्याची चूल गेली.

मग दुहेरी व्यवस्था झाली. तोडलेला बांबू फाडून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवायचा, सावलीत वाळवायचा. आणि माळ्याची डागडुजी करून, कौलं शेकारून, पावसाळाभर खाली रोज दोन तास चूल धुमसती ठेवायची. सांगाडे वर. कागद मात्र पुण्यातच, लोखंडी कपाटात. कंदिलाला कागद लावायचा तो गणपती झाल्यावर, पुण्यात, चार दिवसांत. हातकागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून येतो. ती संस्था 1940 सालची, आणि तिथल्या कागदाचं वजन-जाडी दरवेळी सारखी मिळते हे ताईच्या कामात मोलाचं.

ताईने आकारही बदलला. आधीचा कंदील फुगीर, टेम्पोत हवा जास्त आणि माल कमी. नवा षटकोनी, सांध्यांना दोऱ्याच्या बिजागऱ्या, मिटला की पापडासारखा सपाट. पंचवीस कंदिलांची चळत आता एका माणसाच्या कडेवर मावते. धुराने आलेला मधासारखा रंग तसाच ठेवला. लोकांना तो रंग मुद्दाम दिलाय असं वाटतं आणि आवडतो. मला विचाराल तर या बाईच्या कलेचा सर्वांत कसदार नमुना हा कंदील आहे, आणि तो जागेच्या टंचाईतून आला.

पैशाचं उत्तर इतकं सुंदर नव्हतं. ताईने बांगड्या ठेवून सत्तर हजारांचं सोनेतारण कर्ज घेतलं. अक्षय्य तृतीयेला पुण्यातल्या ओळखीच्या सोसायट्यांत आगाऊ नोंदणी सुरू केली, 560 रुपयांचा कंदील, 200 रुपये आता. एप्रिलच्या उन्हात दिवाळीचा कंदील विकणं म्हणजे काय ते तिलाच विचारा. पहिल्या वर्षी 74 जणांनी दिले, म्हणजे 14,800 रुपये. कर्जाच्या मानाने चिल्लर, पण कुठल्या सोसायटीत काय चालतं हे सहा महिने आधी कळलं.

उद्यम नोंदणी केली. ती फुकट आहे आणि आधार हाताशी असेल तर एका बैठकीत होते. 2022 मध्ये ती असती तर त्या कंपनीशी बोलताना पायाखाली जमीन असती. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर 15 दिवस. अडवले तर बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. एप्रिल 2024 पासून तर वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षीच्या आयकरात मिळत नाही, आणि मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस या एका कलमाला घाबरतात. आता ताईच्या बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापलेला असतो. व्याज मागायची वेळ आलेली नाही.

काय झालं

2023 ला 300 कंदील केले, 286 गेले. अधिक श्रावणामुळे लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, भात आधीच घरात आलेलं, बायका निवांत. 112 नग 560 ला, 174 नग 650 ला, एकूण 1 लाख 75 हजार 820. खर्च आणि प्रदर्शनांची भाडी वजा जाता बावन्न हजारांच्या आसपास उरले. सोनं सुटलं.

2024 ला पुन्हा हाव सुटली. यात ताईइतकाच मी दोषी. 520 केले, 431 गेले, 89 पडून राहिले. त्याच वर्षी मी आणखी एक शहाणपणा केला होता. रोजाऐवजी नगावर मजुरी द्यावी, 120 रुपये नग, म्हणजे काम पटापट होईल, हा माझा सल्ला. काम पटापट झालंही. दोन तरुण सुना दिवसाला पाच-पाच बांधू लागल्या. तीन वयस्क बायकांचे हात तेवढे चालेनात, त्यांची कमाई घटली, चहाच्या वेळी एकत्र बसणं बंद झालं. आणि बिजागरीचे दोरे सैल राहिले. तीसेक कंदील गिऱ्हाइकांकडून दुरुस्तीला आले. पुढच्या वर्षी परत रोजावर आलो, चारशे रुपये. त्यातली एक बाई मला म्हणाली, “साहेब, तुमच्या नगापायी आमच्यात भांडणं झाली.” खरं होतं.

2025 ने चौथ्या वाटेलाही तडा दिला. मे महिना हा आपला हुकमी कोरडा महिना, असं गृहीत होतं. त्या वर्षी विसाव्या तारखेच्या सुमारास धो धो सुरू झालं आणि मेअखेरच्या आत मोसमी पाऊस राज्यात येऊन ठेपला. हंगामातले शेवटचे बारा दिवस बुडाले. ठरवलेल्या 450 ऐवजी 380 झाले. दिवाळी लवकर, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. अशा वर्षी ऐनवेळी करणाऱ्यांची त्रेधा उडाली, ताईचे सांगाडे मात्र माळ्यावर तयार होते. आदल्या वर्षीच्या 89 सांगाड्यांना नवा कागद लावून तेही काढले. वीसेक सोडले तर सगळं गेलं.

आज ताईला कंदील, दिवे, भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणची विक्री धरून महिन्याला सरासरी एकवीस-बावीस हजार सुटतात. त्यात जुलै ते सप्टेंबर आठवड्याचे दोन दिवस पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवण्याचे पैसेही आहेत. निव्वळ बांबूवर ती जगते असं म्हणता येणार नाही. ती स्वतःही म्हणत नाही.

सर्वांत मोठा बदल झाला मामांच्या बाजूने, आणि तो आम्ही कुणी योजलेला नव्हता. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारे येतात. ग्रामपंचायतीच्या पडताळणीपासून सगळ्या पायऱ्या चढून मामांना 2024 च्या अखेरीस पाच टक्के व्याजाने एक लाखाचं पहिलं कर्ज मिळालं, फेड अठरा महिन्यांत. मला वाटलं घराचं काहीतरी करतील. त्यांनी जानेवारीत आसपासच्या बांधांवरचा पक्का, तीन वर्षांचा बांबू आगाऊ पैसे देऊन धरून ठेवला. आता कामट्या आणि बेळं ते ताईला भाऱ्यावर विकतात. दर ते सांगतात, आणि यंदा किती मिळतील तेही तेच सांगतात. 2022 मध्ये जो माणूस ‘मी रोजावर होतो’ म्हणून गप्प बसला, तो आता अडवू शकतो.

पुन्हा करायचं तर

ऑगस्ट 2022 चा तो अर्धा तास. 250 कंदिलांना होकार, निम्मी रक्कम आगाऊ, बाकीच्यांना दिवे किंवा ट्रे, असा उलट प्रस्ताव देता आला असता. कंपनीने नाकारला असता तर 140 वरून 250 वर उडी तरी स्वतःच्या जोरावर मारता आली असती. कोरडा बांबू किती आहे एवढा एकच प्रश्न मामांना विचारला असता तरी उत्तर मिळालं असतं.

मामांना कच्च्या मालाचा धनी करायला सरकारी योजनेची वाट बघायची गरज नव्हती. तीच रचना ताईला पहिल्या दिवसापासून करता आली असती. मीही वह्या बघताना ‘मामांचे 60’ ही ओळ खर्चात टाकली आणि पुढे गेलो.

कंदिलाच्या चिठ्ठीवर आधी फक्त ताईच्या कामाचं नाव होतं. वर्तमानपत्रात फोटो येई तो तिचा. मला हे खटकायचं, तिलाही. दोन वर्षांपूर्वी तिने चिठ्ठीवर मामांचं नाव आणि फोटो छापायचं ठरवलं. मामांनी फोटोला साफ नकार दिला. “नाव टाका. फोटोपेक्षा शनिवारचे पैसे शनिवारी द्या,” म्हणाले. तेव्हापासून शनिवार चुकलेला नाही. पण हे पाच वर्षं आधी विचारता आलं असतं.

न सुटलेली गोष्ट एकच आणि ती मोठी आहे. मामांचा मुलगा शिरवळला कंपनीत आहे, तो परतणार नाही. कंदील बांधणाऱ्या त्या दोन तरुण सुनांपैकी एकीचा हात बेळ काढण्यात बसतोय, पण बांबू निवडायला, तोडायला ती बांधावर जात नाही. घरच्यांना ते पसंत नाही. मामा नसतील त्या वर्षी काय, याचं उत्तर वहीत नाही.

या महिन्यात, जानेवारी 2026 मध्ये, गेलो होतो. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, दिवाळी 8 नोव्हेंबरला. भात आधी घरात येईल, विक्रीला वेळ मिळेल, म्हणून ताईच्या डोक्यात 500 चा आकडा होता. आम्ही बांबूच्या बेटावर पोचलो तेव्हा मामा तोडायच्या बांबूंवर चुन्याची बोटं ओढत पुढे चालले होते. ताई मागून मोजत गेली, शेवटी हिशेब करून म्हणाली, “मामा, हे चारशेपुरतेच होतायत.”

“होय,” मामा म्हणाले, आणि चुन्याचं डबडं बंद केलं.